परसबाग : अळ्यांचें लेंडीखत

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून एकच प्रश्न पुन:पुन्हां विचारला जाऊं लागला आहे, म्हणून या अंकांतील आमची जागा त्यासच देत आहों. बाजारांत व घरपोंच माल पाठविणाऱ्यांकडे हल्लीं ‘फ्रास’ या नांवाचें खत लहान लहान पाकिटांतून मिळूं लागलें आहे. नांव परकी असल्यामुळें तें घरांत सहज शिरतें. त्याचा अर्थ कोणी विचारला म्हणजे मग खरी चर्चा सुरू होते. एका वाचकभगिनीनें कळविलें आहे कीं, घरच्या धाकट्या सूनबाईंनीं हें पाकीट आणून गच्चीवरील कुंड्यांत घातलें, आणि त्याचा अर्थ ‘अळ्यांची विष्ठा’ असा आहे हें समजतांच सासूबाईंनीं तें तुळशीच्या जवळपासहि नेऊं नये असें बजावलें. मामंजींचें म्हणणें त्याहून निराळें : सुकलेल्या लेंड्यांस शेणखताच्या कितीतरी पट दाम मोजावा, हाच मुळीं वेडेपणा! तिघांचेंहि म्हणणें ऐकून घेण्यासारखें आहे, आणि तिघांसहि थोडें थोडें उत्तर देणें आम्हांस प्राप्त आहे.

‘फ्रास’ हा शब्द मूळचा जर्मन. जनावर अधाशीपणें खातें त्या खाण्याचा वाचक असा हा शब्द पुढें कीटकानें खाऊन जें मागें टाकलें त्यासच लावला जाऊं लागला. आपल्याकडे शेळ्या-मेंढ्यांच्या लेंडीखतास कोणी नाक मुरडीत नाहीं. उलट धनगरांचा कळप शेतांत बसविण्यासाठीं शेतकरी धान्य व पैसे मोजीत आला आहे. तेव्हां अळ्यांच्या या खतासहि आम्ही साधें ‘लेंडीखत’च म्हणणार आहों. गांडूळखताशीं मात्र त्याची गल्लत करूं नये. गांडूळ हा कीटक नव्हे. त्याचें खाणें निराळें आणि त्याचें खतहि निराळें.

पाकिटांत निरनिराळ्या कीटकांचा माल असतो. परंतु महाराष्ट्रांत ज्याची पैदास मोठी व जुनी आहे, आणि ज्याची परीक्षा करणें सर्वांत सोपें आहे, तो रेशमाच्या अळीचा. म्हणून तिच्याविषयींच आम्ही विस्तारानें लिहितों.

रेशमाची अळी अंड्यांतून बाहेर पडते तेव्हां केसाएवढी बारीक असते. पंचवीस-सव्वीस दिवसांत, चार वेळां कात टाकून, ती आपल्या मूळच्या वजनाच्या सुमारें दहा हजार पट होते. एवढ्या अवधींत तिचें खाणें एकच – तुतीचा पाला. जन्मभरांत ती जेवढा पाला खाते त्याच्या चार-पंचमांशाहून अधिक शेवटच्या, म्हणजे पांचव्या अवस्थेंतील आठवड्यांत खाते. त्या दिवसांत संगोपनगृहांत शिरलें तर पावसाची सर पत्र्यावर पडावी तसा आवाज कानीं येतो. तो हजारों अळ्यांच्या चावण्याचा असतो. मांडणीवर तुतीच्या फांद्या पसरलेल्या असतात, आणि फांद्यांच्या खालीं काळ्या-हिरव्या दाण्यांचा थर दिवसेंदिवस चढत जातो. हेंच आपलें खत. एक दाणा तळहातावर घेऊन भिंगांतून पाहिला तर त्याच्या अंगावर सहा उभ्या पन्हळी स्पष्ट दिसतात. कातीव लाकडी खेळण्यासारखा तो दाणा पाहिल्यावर किळस कमी होते असा आमचा अनुभव आहे.

आतां या दाण्यांत असतें काय? अळीला पानांतील सर्वच कांहीं पचत नाहीं. पाल्यांतील सुक्या द्रव्याचा सुमारें शेंकडा चाळीस भाग ती अंगीं लावते, बाकीचा बाहेर पडतो. तुतीचें पान प्रथिनांनीं समृद्ध असल्यामुळें हा उरलेला भागहि निकृष्ट नसतो. शिवाय कीटकांच्या शरीररचनेची एक गोष्ट येथें लक्षांत घ्यावयास हवी. त्यांना मूत्र व मळ यांसाठीं निरनिराळ्या वाटा नसतात. रक्तांतील टाकाऊ नत्र हें यूरिक अम्लाच्या रूपानें आंतड्यांतच उतरतें आणि मळाबरोबर बाहेर येतें. पालीच्या विष्ठेच्या टोंकाशीं जो पांढरा ठिपका आपण भिंतीखालीं झाडतांना नेहमीं पाहतों, तो याच जातीच्या द्रव्याचा. त्यामुळें अळीच्या लेंडींत चोथ्यांतील सावकाश सुटणारें नत्र आणि या क्षारांतील लवकर सुटणारें नत्र अशीं दोन्हीं एकत्र असतात. सुकलेल्या लेंड्यांत नत्राचें प्रमाण सामान्यत: शेंकडा दोन ते तीन भरतें; आपल्या नेहमींच्या शेणखतांत तें अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतें. शेणखतांत पाणी बरेंच असतें हें लक्षांत घेऊनहि फरक मोठा उरतो. माळी लोक शेणखतास थंड आणि कोंबडीच्या खतास उष्ण म्हणतात, ती भाषा येथेंहि चालेल. अळीचें लेंडीखत हें उष्णाच्या बाजूचें आहे, आणि त्याचे गुण व दोष दोन्हीं त्यांतूनच निघतात.

झाडास तें खरोखर मिळतें कीं नाहीं, याचीहि परीक्षा झालेली आहे. अमेरिकेंत लाल ओकच्या रोपांखालीं, ओळखतां येईल अशा खुणेच्या नत्रानें युक्त केलेली अळ्यांची विष्ठा घालून पाहण्यांत आली. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत हें खुणेचें नत्र त्याच हंगामांत रोपांच्या पानांत सांपडलें, आणि तीं पानें खाणाऱ्या पुढच्या अळ्यांच्या शरीरांतहि. म्हणजे पानांतून अळींत, अळींतून मातींत व मातींतून पुन्हां पानांत असा फेरा अरण्यांत कोणी न सांगतां चालूच असतो.

मनुष्यानें हा फेरा जाणूनबुजून बांधून काढला तो चीन देशांत. ताई सरोवराच्या दक्षिणेस हूचौ नांवाचा प्रदेश आहे, आणि दक्षिणेकडे ग्वांगडोंग प्रांतांत मोत्यांच्या नदीचा त्रिभुज प्रदेश आहे. सखल, पाणथळ जमीन. तेथें तळीं खणावीं, निघालेल्या मातीचे बांध घालावे, बांधावर तुती लावावी, तुतीवर रेशमाच्या अळ्या पोसाव्या, अळ्यांच्या लेंड्या तळ्यांतील माशांस टाकाव्या, आणि हिवाळ्यांत तळ्याच्या तळचा गाळ उपसून पुन्हां तुतीच्या बुडाशीं घालावा, अशी ती रीत. गाळांत लेंडीचें सत्त्व तर असेच, शिवाय माशांच्या मळाचेंहि. हूचौ येथील ही पद्धति अडीच हजार वर्षांची जुनी समजली जाते, आणि जागतिक अन्न व कृषि संघटनेनें २०१७ सालीं तिला कृषिवारशाच्या यादींत स्थान दिलें. मोत्यांच्या नदीकाठचे बहुतेक बांध मात्र गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत कारखान्यांखालीं गेले. आम्हांस या व्यवस्थेंत कौतुक वाटतें तें एवढ्याचकरितां कीं, त्यांत लेंडी विकावयाची वस्तु नाहीं. ती ज्या जमिनीची, त्या जमिनीस परत जाते.

मामंजींच्या दामाच्या प्रश्नाचें आमचें उत्तर येथूनच सुरू होतें. मराठवाड्यांत, विशेषत: जालना व बीड या जिल्ह्यांत, तुतीची लागवड गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ वाढली आहे. पूर्वीं कोष विकण्यास येथील शेतकऱ्यांस कर्नाटकांत रामनगरपर्यंत जावें लागे. २०१८ सालीं जालन्यास कोषांचा बाजार सुरू झाला आणि ती यातायात बरीच वांचली. कोरडवाहू मुलखांत थोड्या पाण्यावर दर दोन महिन्यांनीं हातीं पैसा देणारें हें पीक आहे. परंतु तुती ही खादाड आहे. वर्षांतून चार-पांच वेळां तिच्या फांद्या छाटून न्यावयाच्या, तेव्हां जमिनीचें सत्त्व तितक्याच वेळां गाडीभर शेताबाहेर जातें. बागाईत तुतीच्या ‘व्ही-१’ या जातीस हेक्टरी वर्षाला २० टन शेणखत, आणि त्याखेरीज ३५० किलो नत्र, १४० किलो स्फुरद व १४० किलो पालाश द्यावें, अशी शास्त्रज्ञांची शिफारस आहे. ज्या शेतकऱ्यानें गोठा मोडला त्यानें वीस टन शेणखत आणावें कोठून? त्याच्या घरांत आयतें तयार होणारें खत म्हणजे मांडणीवरील हा थर. पानांतील नत्राचा कांहीं भाग रेशमाच्या धाग्यांत आणि कोषांतील किड्यांत जातो, तो कोषांबरोबर बाजारांत गेला. बाकीचा या लेंड्यांत आणि उरल्या पाल्यांत असतो. तोहि पाकिटांत भरून पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर पाठविला, तर तुतीच्या वाट्यास काय राहिलें?

यास्तव आमचें मत असें आहे कीं, शहरांतील कुटुंबानें हें खत घ्यावें, पण सहज वाया जाणारें असेल तेथून घ्यावें, आणि शेतकरी आपल्या शेतांत घालून उरलेलें देत असेल तर आनंदानें घ्यावें. कांहीं शेतकऱ्यांकडे लेंड्या व काड्या उकिरड्यावर पडून पावसानें वाहून जातात. तें खरें नुकसान. अशा ठिकाणीं गांवच्या आप्तांकरवीं एक पोतें आणविलें तर दोघांचाहि लाभ. कुंड्यांपुरतें खत घेणाऱ्या दहा घरांनीं तुतीचें शेत उघडें पडणार नाहीं हें आम्हांसहि समजतें. तथापि जी वस्तु आपण ‘टाकाऊपासून बनलेली’ म्हणून अभिमानानें विकत घेतों, ती कोणाची तरी गरजेची तर नव्हती ना, एवढें विचारून घेण्यांत गृहस्थाचें कांहीं जात नाहीं.

आतां सासूबाईंच्या शंकेकडे वळूं. शंका घेणें गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तुळशीच्या वृंदावनांत काय घालावें व काय घालूं नये हें त्या त्या घरानें ठरवावें. परंतु एक गोष्ट मनांत आल्यावांचून राहत नाहीं. ज्या मुकट्यास आपण सोंवळें म्हणतों, जें नेसून देवपूजा होते व ज्यास कापसाच्या वस्त्राचा स्पर्शहि चालत नाहीं, तें याच अळीच्या तोंडांतील लाळेचें आहे, आणि नेहमींच्या तुतीच्या रेशमांत तें कोषासकट किडा उकळत्या पाण्यांत टाकून काढलेलें असतें. तिचा धागा सोंवळा आणि तुतीच्या पाल्याखेरीज दुसरें कांहीं न खाल्लेली तिची लेंडी ओंवळी, हा निवाडा थोडा नाजूकच म्हणावयाचा! ज्यांचें मन तरीहि घेत नसेल त्यांनीं तुळशीस आपलें मुरलेलें शेणखतच घालावें. तुळशीची भूक थोडी असते आणि तिला तें पुरतें. लेंडीखत वांगीं, मिरची, टोमॅटो, भेंडी, गुलाब अशा भुकेल्या झाडांस ठेवावें.

पाकिटावर जीं विधानें छापलेलीं असतात त्यांपैकीं एकाचा परामर्श घेणें अवश्य आहे, कारण त्यावरच पुष्कळ दाम घेतला जातो. तें विधान असें : या खतांत कायटिन असतें, कायटिनामुळें झाडास कीड लागल्याचा भास होतो, झाड सावध होतें, आणि मग रोग व कीड दोन्हीं त्यास बाधत नाहींत. यांतील पूर्वार्ध खरा आहे. कायटिन म्हणजे कीटकांची कात, खेंकड्याची कवटी व बुरशीच्या पेशींची भिंत ज्या द्रव्यानें बनते तें. अळीच्या लेंडीच्या दाण्यावर आंतड्यांतील एक पातळ आवरण गुंडाळलेलें असतें, त्यांतहि तें असतें. झाडें हें द्रव्य ओळखतात हेंहि सिद्ध झालेलें आहे. भाताच्या पेशीवर कायटिन ओळखणारें प्रथिन जपानी शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं दाखवून दिलें. झाडाच्या दृष्टीनें कायटिन म्हणजे बुरशी आली अशी वर्दी होय, आणि तें बुरशीविरुद्ध तयारीस लागतें.

उत्तरार्धाची गोष्ट मात्र वेगळी. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया येथें मक्याच्या रोपांवर लष्करी अळीच्या विष्ठेचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ सालापासून प्रसिद्ध आहेत. मक्याचें पान कुरतडतांना विष्ठा पानाच्या जखमेंत पडते. तिच्यांतील प्रथिनें ओळखून रोप रोगजंतूंविरुद्ध शस्त्रें परजूं लागलें, आणि त्याच वेळीं अळ्यांविरुद्धची त्याची तयारी मंदावली. परिणाम असा कीं, त्या रोपांवर अळ्या अधिकच पोसल्या! घराच्या पुढच्या दारास कुलूप लावण्यास सर्व मंडळी धांवलीं आणि मागचें दार उघडें राहिलें, तसा हा प्रकार. कुंडीच्या मातींत घातलेल्या सुकलेल्या खतानें असेंच घडतें असें आम्ही म्हणत नाहीं. पानावरची जखम व मातींतलें खत या भिन्न गोष्टी आहेत. परंतु ‘कीड लागणारच नाहीं’ अशी हमी जो देतो त्यानें शास्त्राचा आधार सांगूं नये. हें खत आहे, औषध नव्हे. खत म्हणून जो भाव योग्य वाटेल तोच द्यावा, आणि येथें आम्ही मामंजींच्या पक्षाचे आहों.

त्याच अनुषंगानें आणखी एक सूचना. पाकीट घेतांना कीटक कोणता व त्यानें काय खाल्लें हें लिहिलें आहे कीं नाहीं तें पाहावें. रेशमाच्या अळीखेरीज ‘ब्लॅक सोल्जर फ्लाय’ नांवाच्या काळ्या माशीच्या अळ्यांचें खतहि विकलें जातें. ही माशी घरमाशीप्रमाणें अन्नावर घोंघावत नाहीं, चावत नाहीं. तिच्या अळ्या मंडईंतील व भोजनालयांतील उष्टें-खरकटें झपाट्यानें खातात, आणि नगरांच्या कचऱ्यावर हा एक चांगला उपाय आहे. पण खाणें जसें मिश्र तसें खतहि मिश्र; त्यांत मीठ व रोगजंतु येण्याचा संभव असतो. म्हणूनच युरोपीय संघानें २०२१ सालीं नियम केला कीं, असें खत विक्रीस आणण्यापूर्वीं तें ७० अंश सेल्सियस उष्णतेंत निदान एक तास ठेवलेलें असावें. आपणहि पाकिटावर ‘उष्णता देऊन शुद्ध केलेलें’ असा उल्लेख शोधावा.

गांवाहून पोतें आणविलें असेल तर तें काम आपलें आपणच करावें लागतें. ताज्या लेंड्या कुंडींत कदापि घालूं नयेत. ओलावा मिळतांच त्यांतून अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, मुळें भाजतात, आणि चार दिवसांत रोप मान टाकतें. अशी पत्रें आम्हांस पुष्कळ येतात. दोष खताचा नसतो, घाईचा असतो. लेंड्या, कुरतडलेला पाला व सुकलेलीं झाडांचीं पानें समभाग घेऊन सावलींत ढीग करावा, वर पोतें झांकावें. ओल इतकीच असावी कीं, मूठभर दाबलें तर गोळा व्हावा पण पाणी गळूं नये. आठवड्यांतून एकदां फावड्यानें वर-खालीं करावें. ढीग आंतून चांगला तापतो. दीड-दोन महिन्यांत तो थंड होतो, दाण्यांचा आकार मोडतो, आणि वास पहिल्या पावसांतल्या मातीसारखा येऊं लागतो. ढिगास हात घालतांना नाकास पदर किंवा रुमाल बांधावा. सुक्या लेंड्यांची व अळ्यांच्या अंगावरील सालींची धूळ दमेकऱ्यांस फार बाधते, आणि रेशीम-संगोपन करणाऱ्यांतहि या धुळीनें दमा जडल्याचीं उदाहरणें आहेत. घरांतील वृद्ध मंडळी दम्याची असतील तर हें काम गच्चीवर न करतां अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यांत करावें.

ढीग कुजून पुरा झाला कीं नाहीं, हें डोळ्यांनीं ठरविण्यापेक्षां एक परीक्षा करावी. ती मोठ्या प्रयोगशाळांतहि करतात, आणि तिचें साहित्य आपल्या प्रत्येक घरांत बाळंतिणीच्या डब्यांत असतें : हळिवाचे दाणे! एक भाग खत पांच भाग पाण्यांत रात्रभर भिजत घालून सकाळीं गाळून घ्यावें. दोन बशांत ओल्या फडक्याच्या घड्या ठेवाव्या. एकींत हें पाणी, दुसरींत साधें पाणी शिंपडावें, आणि प्रत्येकींत वीस-वीस दाणे पसरावे. हळीव दोन-तीन दिवसांत रुजतात. दोन्हीं बशांत मोड सारखेच व मुळें सारखींच लांब असलीं तर खत तयार झालें. खताच्या बशींतील दाणे थोडेच रुजले, किंवा मुळांचीं टोंकें तपकिरी होऊन आंखडलीं, तर ढीग आणखी तीन आठवडे राहूं द्यावा. मुलांना हा प्रयोग अवश्य करावयास सांगावा. मोजण्याचें काम तीं मोठ्यांपेक्षां निष्ठेनें करतात.

प्रमाणाविषयीं हात आंखडताच ठेवावा. नवी कुंडी भरतांना मातीच्या दहा भागांत एक भाग, याहून अधिक नको. भरलेल्या दहा इंची कुंडीस महिन्या-दीड महिन्यांतून दोन मोठे चमचे पुरे. तेहि वर न पसरतां बोटभर खोल मातींत मिसळावे, नाहींतर ओलीनें त्यावर पांढरी बुरशी धरते व चिलटें होतात. भर पावसाळ्यांत देऊंच नये, कारण लवकर सुटणारें नत्र कुंडीच्या भोकांतून गटारांत जातें.

आणखी एक बारकावा पाकिटवाले सांगत नाहींत. अळ्या कात टाकण्यास बसल्या म्हणजे मांडणी कोरडी व निरोगी राहावी म्हणून शेतकरी तिच्यावर चुन्याची पूड धुरळतात. हें त्यांस करावेंच लागतें. अळ्यांचे रोग विष्ठेंतून व स्पर्शांतून पसरतात. याच रोगांचा शोध लावण्यास लुई पाश्चर इ. स. १८६५ पासून पांच वर्षें फ्रान्सच्या दक्षिणेस खपला होता. मनुष्यास किंवा झाडांस या रोगांचें भय नाहीं. पण आपल्या शेजारीं कोणाची तुती असेल तर कच्च्या लेंड्या तिकडे नेऊं नयेत. चुन्याची गोष्ट मात्र बागेशीं निगडित आहे. तो चुना खतांत उतरतो, आणि दख्खनच्या काळ्या मातींत तो आधींच पुष्कळ असतो. मिरची-वांग्यांस त्याचें फारसें वाटत नाहीं. अनंताच्या झाडास तो मुळींच सोसत नाहीं. शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा असें पान दिसूं लागलें कीं समजावें. लिंबालाहि जपूनच द्यावें.

पाकीटहि नको व पोतेंहि नको असें ज्यांस वाटतें, त्यांनीं आपल्या कढीलिंबाखालीं एकदां निरखून पाहावें. पावसाळ्याच्या सुमारास त्यावर प्रथम पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या व पुढें हिरव्यागार होणाऱ्या अळ्या येतात. त्या लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या. महाराष्ट्रानें २०१५ सालीं राज्याचें फुलपाखरूं म्हणून मान दिलेली राणी पाकोळी याच कुळांतली. कुंडीखालच्या फरशीवर त्यांच्या काळ्या लेंड्या पडलेल्या असतात, त्या झाडून तशाच कचऱ्यांत जातात. त्याऐवजीं त्या त्याच कुंडींत ढकलाव्या. झाड मोठें असेल तर चार-सहा अळ्यांस पाला खाऊं द्यावा. कढीलिंब पुन्हां फुटतो. अळ्या थोड्या व लेंड्याहि थोड्या असल्यामुळें येथें कुजविण्याची गरज पडत नाहीं.

परंतु किड्यानें मागें टाकलेलें सर्वच खत होतें असें समजूं नये. जुन्या तुळईंतून व दारांतून घुणाचा जो बारीक भुगा गळतो, ज्याच्या वाटांनीं अकस्मात् अक्षर उमटावें अशी कल्पना करून आपल्या पंडितांनीं ‘घुणाक्षरन्याय’ हा शब्द घडविला, तो भुगा म्हणजे केवळ लाकूड. त्यांत नत्र जवळजवळ नसतेंच, आणि मातींत घातल्यास तो कुजतांना मातींतलेंच नत्र अडकवून ठेवतो. धान्य चाळतांना निघणारें पीठ व किड्यांचा भुसा हा त्या मानानें चांगला. तो उन्हांत तापवून ओल्या कचऱ्याच्या खतांत टाकावा. मात्र ज्या तांदुळास किंवा डाळीस बोरिक पावडर चोळलेली आहे तिचें चाळण बागेंत मुळींच नेऊं नये. बोरॉन झाडास चिमूटभर लागतें, त्याहून थोडें अधिक झालें कीं पानांच्या कडा जळूं लागतात, आणि कुंडीच्या थोड्या मातींत तें ‘थोडें अधिक’ फार लवकर भरतें.